जुन्या संगणकाला नवा प्रोसेसर : कधी परवडतो, कधी नाही?

“मशीन फार स्लो झालंय, प्रोसेसर बदलून मिळेल का?” म्हापशातल्या दुरुस्तीच्या दुकानांत हा प्रश्न काही नवा नाही. पेडण्यातला झेरॉक्सवाला तो विचारतो, डिचोलीत दुकानदारांचे हिशेब लिहिणारा विचारतो, मुलांच्या अभ्यासासाठी दहा वर्षांपूर्वी संगणक घेतलेले आईवडीलही विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा मोफत आधार थांबवला आणि हा प्रश्न निकडीचा झाला. प्रोसेसर बदलता येतो, जुना वापरलेला तर स्वस्तातही मिळतो. पण बहुतेक वेळा संगणक मंद होण्याचे कारण प्रोसेसर नसतोच. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. म्हणून खिशात हात घालण्याआधी दुखणे कुठे आहे ते शोधले पाहिजे, आणि ते घरबसल्या शोधता येते.

आधी निदान

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ या भागात जा आणि ज्या कामाला संगणक अडतो, तेच काम सुरू करा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्कचा शंभरवर चिकटलेला दिसला, तर दोष हार्ड डिस्कचा. फिरत्या तबकडीची डिस्क इकडे-तिकडे विखुरलेली माहिती सेकंदाला साधारण शंभर वेळा शोधू शकते. साधी एसएसडीही तेच काम हजारो वेळा करते. अशा संगणकात कितीही दमदार प्रोसेसर बसवला तरी तो डिस्कची वाट पाहत बसणार. मेमरीचा आकडा नव्वदच्या पुढे असेल, तर रॅम वाढवावी. चार जीबी रॅमवर ब्राउझरचे दहा टॅब आणि टॅली एकत्र चालवणे म्हणजे यंत्राचा छळच.

याच खिडकीत प्रोसेसरचा ‘बेस स्पीड’ आणि चालू वेग असे दोन्ही आकडे दिसतात. काम जड असताना चालू वेग बेस स्पीडच्याही बराच खाली घसरत असेल, तर बहुधा प्रोसेसर तापतो आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी हळू चालतो आहे. आपल्याकडे हे कारण आधी तपासावे. मे महिन्याचा उकाडा, किनाऱ्याची दमट हवा, डिचोलीच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ हे सगळे हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळून खडूसारखी होते. पंखा साफ करून नवी पेस्ट लावली की कित्येकदा तोच जुना प्रोसेसर पुन्हा पूर्ण वेगाने धावू लागतो.

डिस्क मोकळी, रॅम शिल्लक, तापमान आटोक्यात आणि तरीही सीपीयू सतत शंभरवर असेल, तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार करावा. व्हिडिओ जोडणाऱ्या फोटो स्टुडिओत किंवा इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात असे घडते.

बोर्ड काय म्हणतो?

पुढचा निर्णय मदरबोर्डच्या हाती. २०११-१२च्या सुमाराचा एच६१ बोर्ड आजही कितीतरी घरांत आहे. त्यात आय३-३२२० असेल, तर बायोस पाहून आय७-३७७० बसू शकतो. दोन कोअरचे चार होतात आणि फरक जाणवतोही. पण या बोर्डावर बसणारा एकही प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. तिथे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. म्हणजे त्या बोर्डावर घातलेला पैसा पुढच्या विंडोजला उपयोगी पडत नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, पण चालत नाही. टाचण्या मोजून जुळल्या म्हणजे झाले, असे नव्हे.

उलट उदाहरण एएमडीच्या एएम४ सॉकेटचे. २०१८चा रायझन ३ २२००जी विंडोज ११च्या यादीत नाही. त्याच बोर्डावर बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६००जी बसवला, तर कोअर चारावरून सहा होतात, थ्रेड चारावरून बारा, आणि विंडोज ११चे दारही उघडते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत त्या प्रोसेसरचे नाव असेल, तर हा खर्च डोळे मिटून करावा.

दोन सावधगिऱ्या. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर इंटेलचा ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेऊ नका. संगणक चालू होईल, पडदा मात्र काळाच राहील. आणि एएम४चा हीटसिंक थंड असताना सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही त्याच्यासोबत उपटून येतो आणि टाचण्या वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून गरम होऊ द्यावा, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक अलगद फिरवत सोडवावा.

बदलायचाच नसेल तर

गोव्याने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले आहे. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ने अमेरिकेतून वापरलेले संगणक आणून इथल्या शाळांना दिले आणि ते लिनक्सवर चालवले. यंत्र बदलण्याऐवजी त्याच्यावरचा भार बदलला. एच६१वाल्यांना हाच मार्ग सोयीचा आहे. एक एसएसडी, आठ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट एवढ्यावर पत्रव्यवहार, बँक, मराठी टंकलेखन आणि अभ्यास ही सगळी कामे आणखी काही वर्षे सुखाने चालतात. टॅलीसारखे विंडोजवरच चालणारे काही असेल, तर मात्र हा मार्ग धरू नये.

माझा हिशेब सरळ आहे. प्रोसेसर, पेस्ट आणि मजुरी मिळून खर्च त्याच कामाच्या नव्या संगणकाच्या पाव किमतीत बसत असेल, बोर्डाच्या यादीत प्रोसेसरचे नाव असेल आणि टास्क मॅनेजरने त्याच्याकडेच बोट दाखवले असेल, तर प्रोसेसर बदलावा. यांतली एकही अट हुकली, तर आधी एसएसडी घ्यावी. संगणक पुढे मोडीत काढलाच, तरी ती काढून नव्या संगणकाला लावता येते. जुन्या सॉकेटच्या प्रोसेसरचे तसे होत नाही.