कास्तकाराची मोटार : तिची दुरुस्ती व तिची विक्री

वऱ्हाडात पूर्वी घराची ऐपत दाराशी सोडलेल्या दमणीवरून व तिच्या बैलजोडीवरून ओळखली जात असे. आज ती जागा उंच बांध्याच्या मोटारीने, जिला सर्वत्र एसयूव्ही म्हणतात तिने, घेतली आहे. ह्यात केवळ मिरवण्याची हौस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रावणात काळी माती चाकांस धरू लागली म्हणजे शेतरस्त्यावर लहान मोटारीचे पोट टेकते. आजारी माणसास रात्री अकोल्यास न्यावयाचे, सरकीच्या पिशव्या व फवारणीची औषधे आणावयाची, लेकीबाळींस पोळ्याला आणावयाचे, ही सर्व कामे एकाच वाहनाकडून व्हावीत अशी कास्तकाराची गरज असते. असले वाहन आपल्या देशात नवे नाही. महायुद्धात नावारूपास आलेली विलीज जीप मुंबईस माझगाव येथे जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४७ साली सुरू केले. आजच्या बोलेरो, स्कॉर्पिओ ह्या त्याच घराण्यातल्या होत.

मोटार कोणती घ्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घेतल्यानंतर दुरुस्तीच्या कारखान्याशी कसे वागावे, आणि विशेषतः ती विकताना काय जपावे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखकास ह्या अज्ञानाची किंमत रोख मोजावी लागली. तो प्रसंग वाचकांपुढे ठेवणे हे कर्तव्य समजून हा लेख लिहीत आहे.

आम्ही मूर्तिजापूर तालुक्यातील. आम्हास अकोला जवळ, आणि अमरावतीही फारशी दूर नाही. २०१३ च्या दसऱ्यास घेतलेली आमची मोटार मी २०२१ च्या फेब्रुवारीत एका दलालामार्फत शेजारच्या जिल्ह्यातील गृहस्थास विकली. शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर, ज्यास आपण बाँड म्हणतो, करार झाला. पैसे रोख मिळाले. दोन छापील नमुन्यांवर माझ्या सह्या घेतल्या गेल्या. नाव बदलण्याचे काय, असे मी विचारले तेव्हा दलाल म्हणाला, “भाऊसाहेब, कागदाचं माह्यावर सोडा. तुमी काई फिकर करू नका.” मी खरोखरच काही फिकीर केली नाही.

पुढील वर्षी जुलैत, पऱ्हाटीला डवरणी चालू असता, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. मी विकलेल्या मोटारीने मार्च महिन्यात एका गवंड्याच्या दुचाकीस धडक दिली होती व त्याचा पाय मांडीत मोडला होता. मोटार त्यावेळी माझ्या गिऱ्हाइकाकडेही नव्हती. त्याने ती तिसऱ्यास दिली होती. विम्याची मुदत आधीच्या ऑक्टोबरात संपली होती आणि ती कोणीच वाढविली नव्हती. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मालक म्हणून नाव मात्र माझेच होते. मी मोठ्या विश्वासाने बाँड घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी तो वाचून परत माझ्या हाती दिला व म्हणाले, “काका, ह्या कागदावरून तुम्ही गिऱ्हाइकाकडे पैसे मागू शकाल, पण गवंड्याला तुम्ही हा कागद दाखवू शकत नाही.”

ह्या वाक्याचा अर्थ कायद्यात असा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद तोच मालक. मोटार एका हातून दुसऱ्या हाती जात राहिली, पण नोंद पहिल्याच्याच नावे राहिली, तर भरपाई कोणी द्यावी हा प्रश्न नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याचे नाव दप्तरी आहे तोच जबाबदार. जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे हिंडत राहावे, ही अपेक्षा कायदा करीत नाही. हा निकाल वाचून मला प्रथम राग आला. परंतु न्यायाधिकरणाच्या ओसरीत तो गवंडी कुबडी टेकून बसलेला पाहिल्यावर राग कोणावर धरावा हेच कळेना. त्याने माझी मोटार कोणाकोणास विकली गेली ह्याचा तपास कोठे करावा? अखेरीस लोकन्यायालयात तडजोड झाली. माझ्या गिऱ्हाइकाने निम्मी रक्कम देण्याचे कबूल केले व निम्मी माझ्यावर आली. ती मी त्या सालची सर्व तूर विकून भरली. हे निभावले ते दुखापतच होती म्हणून. मृत्यू असता तर सातबाऱ्यापर्यंत प्रकरण गेले असते.

बैल विकताना आम्ही इतके गाफील नसतो, हे नमूद करावेसे वाटते. बाजारात जोडी दिली तर बाजाराची पावती घेतल्यावाचून दोर हातचा सोडीत नाही. मग लाखांची मोटार देताना ही सावधगिरी कोठे जाते? मला वाटते, मोटारीचे कागद इंग्रजीत व संगणकात असतात, म्हणून ते दुसऱ्याचे काम आहे अशी आमची समजूत झाली आहे. प्रत्यक्षात ते अवघड नाही. विकणाऱ्याने नमुना २९ भरून चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. घेणाऱ्याने नमुना ३० भरून तीस दिवसांत नाव चढवून घ्यावयाचे असते. ही मुदत दोघे एकाच राज्यातील असता आहे. मोटार कर्जावर घेतली असेल तर कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ देऊन बँकेचे नावही दप्तरातून काढून घ्यावे लागते. हप्ते संपले म्हणजे बँकेचे नाव आपोआप जाते, हा समज चुकीचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, महिन्याभराने सरकारी परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून मालक कोण दिसतो ते स्वतः पाहावे. शाळेत जाणारा नातूही हे काम पाच मिनिटांत करून देतो.

दलालांविषयी एक नियम आता झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांस परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेण्यास लावले, व १ एप्रिल २०२३ पासून तो नियम अमलात आला. अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात मोटार दिल्याची सूचना संकेतस्थळावर नोंदली गेली की, पुढील गिऱ्हाइकाच्या नावे होईपर्यंत तोच कायद्याने मालक मानला जातो. माझ्या वेळी हा नियम नव्हता. ज्याच्यापाशी असे अधिकारपत्र नाही त्याच्या हाती मोटार देऊन घरी जाणे म्हणजे मीच केलेली चूक पुन्हा करणे होय.

विम्याची एक बाब येथेच सांगतो, कारण तीत पुष्कळांचे नुकसान होते. ज्याने विमा कंपनीकडे भरपाई मागितली नाही त्यास दरसाल सवलत मिळते. ती पहिल्या वर्षी वीस टक्के व पुढे वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. ही सवलत मोटारीची नसून मालकाची असते. मोटार विकताना कंपनीकडून तसा दाखला मागून घेतल्यास ती नव्या मोटारीच्या विम्यास लावता येते. मी पहिल्या वेळी ती गिऱ्हाइकास फुकट देऊन बसलो.

आता कारखान्याकडे वळतो. कारण विक्रीचा भाव शेवटच्या दिवशी ठरत असला तरी तो तयार होतो कारखान्यातील नोंदीवरून. बैलाचे दात पाहून वय कळते. मोटारीचे दात म्हणजे तिच्या देखभालीची वही. अंतर दाखविणारा काटा मागे फिरविता येतो, पण दर दहा हजार किलोमीटरला लिहिलेले जॉबकार्ड सहसा खोटे बोलत नाही.

२०२१ साली घेतलेल्या दुसऱ्या मोटारीने मला निराळाच धडा दिला. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले व डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी ठराविक काळाने आतल्या आत तापून साठलेली काजळी जाळून टाकते. परंतु त्यासाठी मोटार काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. आमची मोटार रोज घरापासून शेतापर्यंत तीन किलोमीटर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात जाई व तशीच परत येई. दीड वर्षात पुढील फळीवर पिवळा दिवा लागला, तो मी दुर्लक्षिला. मग यंत्राची शक्ती कमी झाली. एका शहरातील अधिकृत कारखान्याने गाळणीच बदलावी लागेल म्हणून लाखाच्या वर अंदाजपत्रक दिले. मी सही केली नाही. दुसऱ्या शहरातील, त्याच कंपनीच्या कारखान्यात मोटार नेली. तेथील कारागिराने संगणक जोडून ती काजळी उभ्या जागी जाळून दिली व काही हजारांत काम झाले. पहिल्याने लबाडी केली की आळस, हे मी सांगू शकत नाही. दोन शहरे हाताशी असणाऱ्या आमच्यासारख्यांनी मोठ्या खर्चापूर्वी दोन ठिकाणी विचारावे एवढे खरे. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी मोटार अमरावती–अकोला महामार्गावर अर्धा तास सलग चालवितो. २०२२ च्या जूनमध्ये ह्याच मार्गावर ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम झाला होता. त्याचा असाही उपयोग होईल असे करणाऱ्यांस वाटले नसेल.

काही मोटारींस ह्याखेरीज एक द्रव टाकावा लागतो, ज्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. युरियाचे नाव ऐकून घरची गोणी फोडण्याचा मोह होईल, तो टाळावा. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला येतो. तो त्या यंत्रणेत गेल्यास लाखाचे नुकसान ठरलेले.

कारखान्यात मोटार देताना जॉबकार्डावर काट्यावरील किलोमीटर व आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी, अंदाजपत्रक लेखी मागावे, आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. “काका, सोबत इंजिनाला कोटिंग करून घ्या,” असे काउंटरवरील मुलगा नम्रपणे सांगेल. त्याला तसे सांगण्याचे ठरवून दिलेले असते, म्हणून रागावू नये. कंपनीच्या पुस्तिकेत ते लिहिले आहे काय एवढेच विचारावे. बाहेरच्या कारागिराकडे गेल्यास हमी रद्द होईल ही धमकीही सर्रास मिळते. ह्या प्रश्नी भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांस सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग खुल्या बाजारात न देता दुरुस्तीचे काम आपल्याच हाती ठेवल्याचा तो ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजाविले. त्यावर पुढे अपिले झाली, हेही सांगितले पाहिजे. माझी स्वतःची रीत अशी की, हमीच्या काळात अधिकृत कारखाना सोडावयाचा नाही, आणि ती संपल्यावर ओळखीच्या कारागिराकडे जाऊनही प्रत्येक पावती वहीत चिकटवावयाची.

तंटा झालाच तर पुण्या-मुंबईस जावे लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ ह्या दूरध्वनीवर नोंद करून पाहावी.

आमच्या खारपाणपट्ट्यातील बांधवांस एक खास सूचना. पूर्णाकाठच्या विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्याने मोटार धुऊ नये. पत्रा वरून चकचकीत दिसतो, पण खालची चौकट गंजते, आणि जाणता गिऱ्हाईक प्रथम खाली वाकूनच पाहतो.

भावाविषयी थोडे सांगतो. विमा कंपन्या मोटारीची किंमत धरताना दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस व पाचव्या वर्षी पन्नास टक्के घट धरतात; बाजारभाव खपाच्या गाड्यांस ह्याहून बरा मिळतो. परंतु जुनीचा भाव नेहमी नवीच्या भावाकडे पाहून ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, मोठ्या एसयूव्हीवरील कर अधिभारासह पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर आला, आणि चार मीटरच्या आतील, दीड हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील एकतीसवरून अठरावर आला. कारखान्यात दहा लाखांस पडणारी मोठी मोटार पंधरा लाखांची चौदा लाख झाली. तिच्या जुन्या बहिणीचा भाव त्याच दिवशी उतरला, तिने काही अपराध न करता.

अशा उतरत्या भावातच मी गेल्या दिवाळीनंतर दुसरी मोटार विकली, कारण तीन किलोमीटरच्या फेऱ्यांस ती योग्य नव्हती हे मला पटले होते. गिऱ्हाईक अकोटचे, रोज लांबचा प्रवास करणारे. त्यांनी वही पाहिली, गाळणीच्या दुरुस्तीची पावती वाचली व विचारले, “हे लपवता आलं असतं की, दादासाहेब?” मी म्हणालो, आले असते. त्यांनी भाव कमी केला नाही. आम्ही दोघे मिळून परिवहन कार्यालयात गेलो, दोन्ही नमुने तेथेच दिले, व विमाही त्यांच्या नावे करण्याचा अर्ज केला. वीस हजार रुपये व दुसरी किल्ली माझ्यापाशी ठेवण्याचे ठरले. बाविसाव्या दिवशी संकेतस्थळावर त्यांचे नाव दिसले. त्याच सायंकाळी ते मूर्तिजापुरास आले. पैसे मोजून दिले, चहा घेतला, आणि किल्ली घेऊन गेले.