झिलईतले शिसे

चिनी मातीच्या भांड्यावर नितळ, तेजस्वी झिलई चढवावयाची, तर शिशाइतके हुकमी द्रव्य कारागिरास क्वचितच लाभते; कारण ते गारेच्या भुकटीला बेताच्या आचेवर वितळवते, झिलई सर्वत्र सारखी पसरू देते आणि तिच्याखालचे रंग ओल्यासारखे उजळून काढते. परंतु हेच शिसे सफेद्याच्या किंवा शेंदराच्या रूपाने कच्चेच झिलईत मिसळण्याचा जो प्रघात इंग्लंडातील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही चालू होता, त्याने कामगारांच्या, विशेषतः स्त्रियांच्या देहाची केलेली दैना वाचताना मन विषण्ण होते. झिलईच्या पांढऱ्या पाण्यात भांडी बुडवावयाची, हातांवरचे ओघळ अंगावरच्या कपड्यांना पुसावयाचे, ते वाळले की त्यांची भुकटी श्वासावाटे आत जावयाची. पुढे पोटात कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, लुळी पडलेली मनगटे आणि गर्भपात.

1898 साली ब्रिटिश गृहखात्याने रसायनज्ञ थॉर्प आणि वैद्य ऑलिव्हर यांजकडे या प्रकरणाची चौकशी सोपविली. उपाय अपूर्व नव्हता: शिसे आधी गारेच्या भुकटीसह भट्टीत वितळवावे, तो लालभडक रस थंड पाण्यात सोडावा, तडकून त्याचे साखरेसारखे काचमय दाणे झाले की ते दळून मगच झिलईत घालावे. हेच फ्रिट. मात्र केवळ वितळविल्याने शिसे निरुपद्रवी होत नाही, हे थॉर्प यांच्या प्रयोगांनी दाखविले, आणि या साऱ्या प्रकरणाचे मर्म मला तेथेच दिसते. गारेचे प्रमाण अपुरे असेल तर जठरातील आम्ल फ्रिटमधूनही शिसे ओढून घेते. उलट सुमारे 65 टक्के शिशाचे भस्म आणि 35 टक्के गार असा मेळ घालून त्यात किंचित ॲल्युमिना मिसळली, तर वजनाने जवळजवळ दोनतृतीयांश शिशाचे भस्मच असलेली ती काच सौम्य आम्लाला फारशी दाद देत नाही. कसोटीसाठी त्यांनी 0.25 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, ते जठररसाशी मिळते म्हणून. इतके स्पष्ट झाल्यावरही कच्च्या शिशाच्या झिलईला ब्रिटनमध्ये कायद्याने मनाई होण्यास 1947 सालचे नियम यावे लागले. हा विलंब अक्षम्यच म्हटला पाहिजे.

तथापि फ्रिट प्रामुख्याने कारागिराचे रक्षण करते, जेवणाऱ्याचे नव्हे. भाजणी कच्ची राहिली, किंवा हिरव्या रंगासाठी शिशाच्या झिलईत तांब्याचे भस्म घातले, तर उत्तम फ्रिटचीही पकड ढिली होते आणि लोणच्याच्या किंवा चिंचेच्या आंबटात शिसे उतरू लागते. म्हणूनच तयार भांडे निराळ्या परीक्षेस लावतात: त्यात 4 टक्के ॲसेटिक आम्ल 24 तास भरून ठेवावयाचे आणि मग त्या आम्लात किती शिसे उतरले ते मोजावयाचे.