खुल्या बाजारातील भागखरेदी व खाण-कंपन्यांची भांडवल-उभारणी

शेअर बाजारात एखाद्या कंपनीचे भाग (शेअर) विद्यमान भागधारकांकडून विकत घेणे, यास खुल्या बाजारातील भागखरेदी म्हणतात. या व्यवहाराचा पैसा विक्रेत्यास मिळतो. कंपनीच्या भांडवलात त्यामुळे भर पडत नाही. ती नवे भाग विक्रीस काढल्यावरच पडते. तथापि नव्या भागांना किती किंमत येईल, हे बहुतांशी बाजारभावावर अवलंबून असल्याने अशा खरेदीचा भांडवल-उभारणीवर अप्रत्यक्ष परिणाम होतो.

खाणधंद्यात हा परिणाम विशेष जाणवतो. खनिजाचे समन्वेषण, खाणपट्टा, रस्ते व यंत्रसामग्री यांवर उत्पन्न सुरू होण्यापूर्वीच मोठा खर्च करावा लागतो. साठ्याची खात्री नसेल, तर कर्ज मिळणे कठीण जाते व भागभांडवलावरच भिस्त ठेवावी लागते. समजा, १ कोटी भाग असलेल्या कंपनीस ५० कोटी रु. हवे आहेत. भाव १०० रु. असल्यास ५० लाख नवे भाग काढावे लागतात व जुन्या भागधारकांचा हिस्सा सु. ६७ टक्क्यांवर येतो. भाव २०० रु. असल्यास २५ लाख भाग पुरतात व तो हिस्सा ८० टक्के राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइटचे खाणकाम करून बेळगाव येथे ॲल्युमिना तयार करणाऱ्या इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचे (इंडाल) उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९९८ मध्ये स्टरलाइट इंडस्ट्रीजने इंडालचे भाग घेण्याचा प्रस्ताव मांडला. कॅनडाच्या ॲल्कन कंपनीने प्रतिप्रस्ताव दिला आणि चढाओढीअंती आपला हिस्सा सु. ३४·६ टक्क्यांवरून ५४·६ टक्क्यांवर नेला. २००० मध्ये हिंडाल्को कंपनीने हा हिस्सा विकत घेतला. ही खरेदी जाहीर प्रस्तावाद्वारे व थेट कराराने झाली असली, तरी तत्त्व तेच होते. पहिल्या व्यवहारातील पैसा भाग विकणाऱ्यांना व दुसऱ्यातील ॲल्कनला मिळाला. खाणींच्या विकासासाठी इंडालला त्यातून नवे भांडवल मिळाले नाही. बदलले ते कंपनीवरील नियंत्रण.

केवळ सट्ट्याच्या खरेदीने चढलेला भाव टिकत नाही. नव्या भागांच्या विक्रीकिमतीहून बाजारभाव खाली गेल्यास तेच भाग बाजारात स्वस्त मिळतात व नव्या विक्रीस प्रतिसाद मिळत नाही. म्हणून खाण-कंपनीची भांडवल-उभारणी अखेर खनिजसाठ्याच्या विश्वसनीय अंदाजावर व व्यवस्थापनाच्या पतीवर अवलंबून असते.