पैचा हिशेब आणि दिवसाची मजुरी

दौलताबादचा किल्ला पाहावयास आलेल्या प्रवाशाला वाटाड्या महंमद तुघलकाची गोष्ट सांगतो, अंधारी दाखवितो, मेंढा तोफ दाखवितो. परंतु मराठी मनात या किल्ल्याची जी आठवण खोल रुजली आहे ती राजधानीची नव्हे, एका हिशेबाची आहे. किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी यांच्या पदरी राहून पैठणचा तरुण एकनाथ जमाखर्च लिहीत असे. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. दिव्यापुढे बसून त्याने रात्र जागविली आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. मागे उभे राहून पाहणारे गुरू म्हणाले की, एका पैसाठी जी एकाग्रता साधली, ती ईश्वराकडे लागली तर काय होणार नाही!

परंपरेने चालत आलेली ही कथा कीर्तनकार सांगतात तेव्हा त्यांचा भर साहजिकच उत्तरार्धावर असतो. अर्थशास्त्र शिकवून उपजीविका करणाऱ्या माझ्यासारख्याला तिचा पूर्वार्धही तितकाच महत्त्वाचा वाटतो. गुरूने चोपडी फेकून द्यावयास सांगितले नाही. शिष्याची योग्यता त्याला त्या चोपडीतच दिसली. देवाकडे जाणारा माणूस आधी पैपुरता खरा असावा लागतो, असे त्यात गृहीत आहे.

ख्रिस्ती कुटुंबात वाढल्यामुळे दुसराही एक ग्रंथ लहानपणापासून कानावर पडत आला. मौज अशी की, त्यातही हिशेबच हिशेब आहेत. हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडून काढणारी बाई, धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा चाकर, मोठे कर्ज माफ झालेला आणि स्वतःच्या चिमूटभर येण्यासाठी दुसऱ्याचा गळा धरणारा ऋणको, दोन दमड्या दानपेटीत टाकणारी विधवा. येशूचे श्रोते कोळी, कूळ, मजूर, जकातदार असेच होते. त्यांना प्रीतीविषयी सांगावयाचे तर त्यांच्या रोजच्या देण्याघेण्यातून सांगणे भाग होते. नाताळच्या सुमारास आम्ही घरावर कागदी चांदणी टांगतो, शेजाऱ्यांकडे करंज्यांचे ताट पाठवितो, आणि प्रीतीचे काम झाले असे समजतो. तिची परीक्षा मात्र भलत्याच ठिकाणी होते. माझी मजूर अड्ड्यावर झाली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घराच्या कुंपणाची भिंत दुरुस्त करावयाची होती. सकाळी अड्ड्यावरून दोन माणसे आणली. काम आटोपेना म्हणून दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा गेलो, तेव्हा एक प्रौढ गृहस्थ एकटाच सावलीला बसलेला आढळला. त्याला घेऊन आलो. संध्याकाळी दोघांना पुरा रोज दिला, त्याला अर्धा. ठरल्याप्रमाणे दिला, एक रुपयाही कमी नाही. त्याने नोटा रुमालाच्या टोकाला बांधल्या, “बरं, साहेब,” म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी उपासनेत पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला.

तो दाखला पुष्कळांना ठाऊक असेल. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो आणि त्यांच्याशी एक दिनार, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, ठरवितो. नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता तो पुन्हा चव्हाट्यावर जातो. दिवस मावळावयास एक घटका उरली असता जातो, तरी काही माणसे उभीच. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. आम्हांला कोणी कामास लावले नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी तो सर्वांना सारखाच एक दिनार देतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. हा दाखला दौलताबादच्या माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची, वर्षातून दोनदा येणाऱ्या त्यांच्या बहराची, नोंद करून ठेवली आहे. द्राक्षमळाही येथलाच, चव्हाट्यावर उभा असलेला मजूरही येथलाच.

वर्गात हा दाखला सांगितला तर पहिल्याच बाकावरचा विद्यार्थी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. एका तासाला आणि बारा तासांना एकच दाम मिळू लागले तर उद्या पहाटे येणार कोण? वेतनाचे धोरण म्हणून हा दाखला टिकणार नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्यातल्या एका वाक्याला अर्थशास्त्राने फार उशिरा मान दिला आहे. “आम्हांला कोणी कामास लावले नाही.” रिकामा माणूस आळशी नसतो, त्याला काम नसते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने हे डोळ्यांनी पाहिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला, आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात करण्यात आली. खडी फोडणाऱ्यांना मजुरी मोजमापाप्रमाणेच मिळे. पण वाट पाहण्यात गेलेल्या दिवसाचेही काही देणे लागते, ही गोष्ट एका राज्याने कायद्यात लिहिली. द्राक्षमळ्याच्या धन्याने ती खिशातून मान्य केली होती, एवढाच फरक.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ डेनिस रॉबर्टसन यांनी १९५४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक मार्मिक प्रश्न विचारला होता. अर्थशास्त्रज्ञ नेमकी कशाची काटकसर करतो? त्यांचे उत्तर होते, प्रीतीची. प्रीती ही जगातली अत्यंत दुर्मीळ वस्तू. जे काम बाजारभावाने आणि स्वार्थाने भागते तेथे ती खर्ची घालू नये, असा त्यांचा आशय. मी हे वर्षानुवर्षे मोठ्या आवडीने शिकवीत आलो. त्या रविवारी मात्र वाटले की, दुपारी दोन वाजता आणलेल्या माणसाच्या बाबतीत मीही हीच काटकसर केली होती. रॉबर्टसनसाहेबांच्या सिद्धान्तात एक गृहीतक लपलेले आहे. प्रीती खर्चल्याने संपते, असे ते गृहीतक. ते खरे आहे काय?

मराठीत याची साक्ष द्यावयास लक्ष्मीबाई टिळकांहून अधिक विश्वासू माणूस मला दिसत नाही. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. परत आल्या त्याही आपले सोवळे, आपले वेगळे पाणी घेऊन. ‘स्मृतिचित्रां’चा प्रारंभच वडिलांच्या कडक सोवळ्याओवळ्याच्या हकीकतीने होतो, तेव्हा ती घागर त्यांच्या दृष्टीने केवळ घागर नव्हती, सारे माहेर होते. नवऱ्याच्या विद्वत्तेने, मिशनऱ्यांच्या प्रवचनांनी जे झाले नाही ते त्यांच्या स्वतःच्या मनात एके दिवशी झाले. जातींचा हा पसारा देवाने नव्हे, माणसाने मांडला, असे त्यांना उमगले आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी पाणी, मग धर्मांतर. पुढे त्या घरात पोरकी मुले आली, बालकवी ठोंबऱ्यांसारखा मनस्वी कवी येऊन राहिला, पैशाची ओढाताण तर कधी सुटली नाही. पुस्तकाचे चारही भाग वाचा. माणसे वाढत गेली म्हणून त्या बाईंची माया आटली, असे एक पान सापडत नाही.

आमच्या मराठवाड्याच्या भूमीतही असा एक प्रयोग झाला. १८४३ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. त्यांनी जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसविले. तेथे राहावयास आलेले बहुतेक जण मांग समाजातले होते. यावर आजही आक्षेप घेतला जातो की, भाकरीसाठी धर्म घेतला. काहींनी घेतला असेल. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याने भाकरी आणि देव यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा, ही अपेक्षा पोट भरलेल्यांचीच असते. मला अधिक बोचणारा प्रश्न वेगळा आहे. बेथेलनंतर इतक्या पिढ्या गेल्या, तरी आमच्या मंडळ्यांत सोयरीक जमविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. लक्ष्मीबाईंनी टाकलेली घागर आम्ही मागच्या दाराने परत घरात आणली. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेर राहिले. त्यामुळे मुलाच्या अर्जावर धर्माचा रकाना भरताना ज्यांचा हात अडखळतो, अशी घरे आहेत. रविवारी प्रार्थना, सोमवारी रकान्यापुढे मौन. या घरांना भित्री म्हणणे सोपे आहे. पण शेजारच्या आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी, मयताच्या घरी न बोलावता पाणी भरणारी माणसे मी बहुधा याच घरांत पाहिली आहेत. कोणत्याही रकान्यात ते येत नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला अर्धा रोज घेऊन मी अड्ड्यावर गेलो. तो गृहस्थ दिसला नाही. चौकशी केली तेव्हा एका म्हाताऱ्याने सांगितले की, तो बायकोसह मुकादमाच्या गाडीतून ऊसतोडीला गेला, आता पाडव्याच्या सुमारास परतेल. नाव विचारले तर म्हातारा हसला. काम देताना विचारायचे असते, साहेब, म्हणाला. साडेअकरा होत आले होते आणि अड्ड्यावर अजून सात-आठ माणसे उभी होती.