वर्गासाठी सपाट पडदा : निवड शेवटच्या बाकावरून

महाविद्यालयाच्या वर्गात भिंतीवर मोठा सपाट पडदा असणे आता नवलाचे राहिलेले नाही. खरेदीच्या वेळी मात्र एलईडी, क्यूएलईडी, फोर-के या शब्दांचाच प्रभाव पडतो. दुकानात संचावर झगमगते चित्र चालू असते. वर्गात त्यावर मजकूर वाचायचा असतो. हा फरक भाषेच्या वर्गात विशेष जाणवतो. उर्दूतील बे, पे, ते, से या अक्षरांची मूळ आकृती एकच असून त्यांची ओळख केवळ नुक्त्यांवर ठरते. मराठीत घ आणि ध, भ आणि म यांतील भेद एका लहानशा वळणाचा असतो. अनुस्वार किंवा नुक्ता दिसला नाही, तर शेवटच्या बाकावरील विद्यार्थी शब्द अंदाजाने वाचतो आणि वहीत चुकीचा उतरवतो. म्हणून पडद्याची निवड त्या बाकावरून व्हावयास हवी.

पडद्यांचे प्रकार

जुन्या खोक्यासारख्या संचांतील काचनळीचा उगम कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्या १८९७ मधील शोधात आहे. सपाट पडद्यांपैकी प्लाझ्माचा जन्म शिक्षणाच्याच गरजेतून झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संगणकाद्वारे अध्यापनाची 'प्लेटो' ही योजना चालू होती. तिच्यासाठी डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये हा पडदा तयार केला. पुढे तो घरोघरी पोहोचला, पण २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. जुना प्लाझ्मा संच स्वस्तात मिळत असला, तरी सुटे भाग मिळण्याची अडचण ध्यानात घ्यावी.

आज सर्वाधिक प्रचलित प्रकार एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा. द्रवस्फटिकाचा गुणधर्म फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८८८ मध्ये लक्षात आला. हा पदार्थ स्वतः प्रकाशत नाही. विजेच्या दाबाने तो मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा पुढे जाऊ देतो. खिडकीच्या झडपेसारखे त्याचे काम असते. मागचा प्रकाश पूर्वी बारीक ट्यूबचा असे, नंतर तेथे एलईडी दिवे आले. म्हणजेच 'एलईडी टीव्ही' हाही एलसीडीच होय. बदलला तो फक्त दिवा. क्यूएलईडी या नावाने विकले जाणारे बहुतेक संचही याच कुळातले. त्यांत रंग अधिक शुद्ध करणाऱ्या क्वांटम डॉट नावाच्या सूक्ष्म कणांचा थर असतो. या कणांच्या संशोधनाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओएलईडी मात्र खरोखर निराळा प्रकार आहे. त्याचा पाया चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅक कंपनीत घातला. त्यांचे संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, त्यामुळे काळा रंग पूर्ण काळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहताना हा गुण मोलाचा ठरतो. उजेडाच्या वर्गात त्याचा लाभ थोडा. शिवाय वेळापत्रकासारखे स्थिर चित्र तासन्‌तास, दिवसामागून दिवस ठेवल्यास त्याचा डाग कायमचा राहू शकतो. किंमतही जास्त असते. वर्गासाठी साधा, पुरेसा तेजस्वी एलसीडी बहुधा अधिक सोयीचा.

आकार किती असावा?

निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद ओळखतो. सहा मीटरवर हे अंतर सुमारे पावणेदोन मिलिमीटर होते. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरील ठिपका ०.६३ मिलिमीटरचा, तर फोर-के पडद्यावरील त्याच्या निम्मा असतो. त्यामुळे दोहोंतील फरक साधारण दोन मीटरपर्यंतच जाणवतो. मागच्या बाकावर तो पोहोचत नाही. तेथे उपयोगी पडते ती पडद्याची उंची.

मजकूर वाचायचा असेल, तर शेवटचा विद्यार्थी पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून दूर नसावा, असा व्यवहारात संकेत आहे. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५४ सेंटिमीटर असते, तो ३.२ मीटरपर्यंत पुरतो. ५५ इंची ४.१ मीटर, ६५ इंची ४.९ मीटर आणि ७५ इंची ५.६ मीटरपर्यंत चालतो. वर्ग आठ मीटर लांब असेल, तर ७५ इंचीही अपुरा. अशा वेळी प्रोजेक्टर किंवा वर्गाच्या मध्यावर दुसरा पडदा यांचा विचार करावा.

पडदा बदलणे शक्य नसेल, तर अक्षर मोठे करावे. डोळ्यांच्या तपासणीत सहा मीटरवरून जेमतेम ओळखता येणारे अक्षर सुमारे नऊ मिलिमीटर उंच असते. सुखाने वाचण्यासाठी त्याच्या अडीच-तीन पट आकार ठेवणे बरे. नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे तिरका खाली उतरतो, त्यामुळे ओळीला जास्त उंची लागते. एकाच पडद्यावर मराठीच्या जितक्या ओळी बसतात, तितक्या उर्दूच्या बसवू नयेत.

कोन, उजेड आणि रंग

एलसीडीत आयपीएस व व्हीए असे दोन मुख्य उपप्रकार आहेत. व्हीएचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडते. आयपीएस बाजूच्या बाकांवरूनही बऱ्यापैकी टिकतो. रुंद वर्गाला आयपीएस बरा. पडदा खिडकीसमोर लावू नये. चकचकीत काचेत खिडकीच दिसते.

अनेक संच रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे निळ्यावर लाल अक्षरांच्या कडा पुसट होतात. पांढऱ्यावर काळा मजकूर उत्तम. संगणक जोडल्यावर संचातील संगणकासाठीची रचना निवडावी आणि 'शार्पनेस' कमी ठेवावा. तो वाढवल्यास अक्षरांभोवती कडा उमटतात आणि नुक्ते एकमेकांत मिसळतात.

खरेदीपूर्वीची चाचणी

दुकानात जाताना उर्दू व मराठी मजकुराचे एकेक पान चित्ररूपात पेनड्राइव्हवर न्यावे. मजकूर फाइलच्या रूपात नेल्यास नस्तालीक फॉन्टअभावी अक्षरवळण बदलते. वर्गाच्या लांबीइतके अंतर मोजून तेथून, मग दोन्ही बाजूंनी ते वाचावे. चष्मा असलेल्या सहकाऱ्याला सोबत नेल्यास उत्तम. त्या अंतरावरून पे आणि बे, घ आणि ध वेगळे ओळखता आले, तर संच वर्गाच्या कामाचा. न आल्यास पेटीवर कोणतीही आद्याक्षरे छापलेली असोत, तो पैसा मागच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.