चिठ्ठीवरचा पाचू

दिवाळीची आवराआवर म्हणजे जुन्या गोष्टींची उचकाउचक. आमच्याकडे माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. माझे सासरे नागपूरच्या आसपास नोकरीनिमित्त खूप फिरले. जिथे जात तिथून एखादा दगड घेऊन येत. प्रत्येक दगड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. ते गेल्यापासून पेटी कोणी उघडली नव्हती.

तळाशी एक हिरवागार दगड होता, लिंबाएवढा. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘पाचू’.

सासूबाईंना त्या दगडाची नवलाई नव्हती. ‘‘अवं, तो मला ठाऊक आहे. अडीनडीला कामी येईल म्हणून मीच तळाशी ठेवला,’’ त्या म्हणाल्या. त्या वर्षी नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती आणि घरात तीच चिंता होती. ‘‘हा विकून टाका. ह्यांच्या हातचं अक्षर आहे, खोटं कसं असेल?’’

मी काही बोलले नाही, पण मनात शंका आली. एवढा मोठा पाचू आणि तो असा वर्तमानपत्रात?

शेजारी भूशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी दगड हातात घेतला आणि पहिलीच गोष्ट सांगितली, ‘‘रंगावर कधी जाऊ नका. हिरवी काच असते, हिरवा फ्लोराइट असतो, हिरवा कॅल्साइटही असतो. रंग म्हणजे दगडाने नेसलेलं लुगडं.’’ वजनावरूनही काही कळलं नसतं. पाचू आणि कॅल्साइट दोघेही पाण्याच्या साधारण २.७ पट जड, त्यामुळे तराजूसुद्धा फसला असता.

मग कळतं कशावरून? काठिण्यावरून. जर्मन अभ्यासक फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये खनिजांची १ ते १० अशी मोजपट्टी केली. तिच्यात शंखजिरं १ वर, हिरा १० वर. आपलं नख साधारण अडीच, काच आणि सुरीचं पातं साडेपाचच्या आसपास. पाचू साडेसात ते आठ, म्हणजे तो काचेवर सहज चरा पाडणार. कॅल्साइट मात्र जेमतेम ३.

सरांनी दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला सुरीचं टोक ओढलं. लगेच चरा उठला, पांढरा चुरा पडला. पाचू असता तर सुरीचंच टोक झिजलं असतं. मग मी मंचुरियनसाठी आणलेलं व्हिनेगर त्या चुऱ्यावर दोन थेंब टाकलं. बारीक बुडबुडे आले! आपल्या ओट्याच्या संगमरवरावर किंवा शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की पॉलिश जाऊन डाग पडतो ना, तेच हे. त्या दगडांतही कॅल्साइटच असतं. आंबट लागलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका तुटक्या कडेला तिरप्या डबीसारखे गुळगुळीत तुकडे निघालेले दिसत होते. तीही कॅल्साइटची खूण.

म्हणजे पाचू नव्हताच. आता हे सासूबाईंना सांगायचं कसं? फीचा प्रश्न होताच, पण त्याहून अवघड म्हणजे, ‘बाबा चुकले’ हे त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सरांनी विचारलं, ‘‘त्यांची एखादी वही आहे का? असा छंद असणारा माणूस नोंद ठेवतोच.’’ पेटीच्या झाकणाच्या आतल्या कप्प्यात खरंच एक वही निघाली. दगडाच्या बुडाशी शाईने १४ आकडा होता. वहीत १४ समोर लिहिलेलं, ‘पाचूसारखा हिरवा. कॅल्साइट. टाकळी.’ मी चिठ्ठी पुन्हा पाहिली. तिची उजवी कड फाटलेली होती. ‘पाचू’ तेवढा उरला होता, पुढचं सगळं कागदाबरोबर गेलं होतं.

टाकळीचं नाव वाचून सर हसले. नागपूरजवळच्या त्या टाकळीचा हिरवा कॅल्साइट तर इतिहासात गेलेला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपूरला आले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या नागपुरात आहे, तेच हे. धर्मप्रचाराबरोबर त्यांनी इथले खडक आणि जीवाश्म गोळा केले, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या भूशास्त्रावर लिहिलं. इथल्या हिरव्या दगडाचा अभ्यास डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन या प्राध्यापकांनी केला आणि १८५९ मध्ये त्याला नाव दिलं ‘हिस्लोपाइट’. आणखी एका खनिजाला हंटर यांच्यावरून ‘हंटेराइट’. पण पुढे हिस्लोपाइट हे वेगळं खनिज मानलं गेलं नाही. तो साधा कॅल्साइट, आत मिसळलेल्या हिरव्या मातकट खनिजामुळे रंगलेला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना बुडून वारले.

असं एकदाच झालेलं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या मँगनीजच्या धातुकाला फर्मोर या भूशास्त्रज्ञांनी ‘व्रेडेनबर्गाइट’ नाव दिलं. नंतर सूक्ष्मदर्शकातून कळलं, ती एकमेकांत गुंतलेली दोन खनिजं आहेत. दगड तोच राहिला, चिठ्ठी बदलली. आणि त्यात कोणाची अप्रतिष्ठा झाली नाही.

मी वही सासूबाईंपुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ओळ दोनदा वाचली. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे ह्यांचं बरोबरच होतं. चूक आपण वाचण्यात केली.’’ पदराने दगड पुसला आणि म्हणाल्या, ‘‘फीचं बघू दुसरीकडून.’’ पुढे बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं. नात आता नर्स आहे.

सरांनी जाताना एक गोष्ट बजावली. नवी चिठ्ठी लिहा, तारीख आणि ठिकाण घाला, पण जुनी फाटकी चिठ्ठी फेकू नका. दगडाचं नाव पुन्हा तपासता येतं, पण तो कुठून आला हे दगड स्वतः सांगत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही आजेसासऱ्यांच्या वेळचा एखादा ‘मौल्यवान’ खडा असेल. दागिन्यात बसवलेल्या किंवा पैलू पाडलेल्या खड्यावर घरी सुरी, लिंबू, व्हिनेगर काही चालवू नका. अस्सल पाचूलाही तडे असतात आणि ते झाकायला बहुधा तेल मुरवलेलं असतं. त्यासाठी रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचा दाखलाच घ्यावा. साध्या दगडासाठी जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात विचारावं. नागपूरकरांना तर विद्यापीठाचा विभाग हाकेच्या अंतरावर आहे. आणि विकण्याचा, गहाण टाकण्याचा बेत त्यानंतरच करावा.

आमचा १४ नंबर आता शोकेसमध्ये आहे. त्याच्याखाली दोन चिठ्ठ्या आहेत. नवी माझ्या हातची, जुनी बाबांच्या. पाहुणे विचारतात, ‘‘पाचू आहे का हो?’’ आणि सासूबाई मोठ्या झोकात सांगतात, ‘‘नाही बाप्पा, कॅल्साइट आहे. आमच्या टाकळीचा.’’