हिजाब : शब्द, वस्त्र आणि स्त्रीचा निर्णय

मुस्लीम स्त्रीच्या डोक्यावरील वस्त्रास आज सरसकट ‘हिजाब’ म्हटले जाते. कुराणात मात्र हा शब्द सात ठिकाणी येतो आणि त्याचा अर्थ पडदा, आडोसा असा आहे. पोशाख असा नाही. प्रेषितांच्या पत्नींकडे काही मागावयाचे झाल्यास ते पडद्याआडून मागावे, असे ३३व्या सूरेतील ५३वी आयत सांगते. पोशाखासंबंधीचे शब्द निराळे आहेत. २४व्या सूरेतील ३१वी आयत ‘खिमार’ म्हणजे ओढणी छातीवरून घेण्यास सांगते, तर ३३व्या सूरेतील ५९वी आयत ‘जिलबाब’ हे वरचे वस्त्र अंगावर ओढून घेण्यास सांगते. ओढणीच्या आयतीच्या लगेच आधी, ३०व्या आयतीत, पुरुषांनी आपली नजर खाली ठेवावी असा आदेश आहे. आपल्याकडील चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

पारंपरिक धर्मशास्त्रज्ञांनी बहुतांशी केस झाकणे हे कर्तव्य मानले. चेहऱ्याविषयी त्यांच्यात मतभेद राहिले. मोरोक्कोच्या विदुषी फातिमा मर्निसी यांनी या अर्थनिर्णयाचीच ऐतिहासिक चिकित्सा केली.

नेसरी-गडहिंग्लज परिसरात पदर डोक्यावरून घेण्याची रीत कोणा एका धर्माची नाही. वडीलधाऱ्यांसमोर घेतलेला पदर आदर दर्शवितो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा हिजाब मात्र एवढ्यावर थांबत नाही. एकीसाठी ती श्रद्धा असते, दुसरीसाठी स्वतःची ओळख, तर तिसरीसाठी शिकावयास बाहेर पडण्याची घरातून घातली गेलेली अट. तिन्ही मुली बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणूनच वस्त्र पाहून सक्ती वा स्वेच्छा ठरविणे धाडसाचे होय.

हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लीम स्त्रियांनी मोर्चा काढला, तेव्हा तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हे प्रश्न अग्रभागी होते. पुढील काळात वादाचा भर वस्त्रावर आला आणि तो न्यायालयात पोहोचला. केवळ मुलींच्या वर्गात डोके झाकण्यास केलेली मनाई धर्मस्वातंत्र्याचा भंग करीत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले. हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धर्मप्रथा नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी दिला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न झाली. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली, न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचे शिक्षण यांना प्राधान्य दिले. प्रस्तुत लेखकास दुसरी भूमिका अधिक पटते, कारण धर्मग्रंथाचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम नव्हे, आणि शिकावयास आलेल्या मुलीवर वस्त्र व वर्ग यांतून एकाची निवड लादणे हे तर कोणाचेच नव्हे.

चेंबूर येथील आचार्य-मराठे महाविद्यालयाच्या बंदीविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी परिपत्रकातील हिजाब, टोपी व बिल्ल्यांवरील बंदीस अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणाऱ्या बुरख्यास मात्र मुभा दिली नाही.